पिंपातली सून, भरणीतली सून

कारापूरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीने मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. सोप्यावर बसवलं, हातात कोकम सरबताचा पेला दिला, नाकावरचा चष्मा थोडा खाली ओढला आणि विचारलं, "टीचर, भूक लागली काय तू खोटां बोलतंस?"

मी नुकतीच गोव्यातल्या साखळी गावच्या एका हायर सेकंडरीत मराठी शिकवायला लागले होते. दोडामार्गाहून रोजचं येणंजाणं झेपेना, म्हणून जवळपास खोली हवी होती. या प्रश्नाला काय उत्तर दिलं म्हणजे खोली मिळेल याचा अंदाज येईना. शेवटी खरं ते सांगितलं, "कधी कधी बोलते."

"बरां," ती म्हणाली आणि मांडीवरच्या टॅबलेटवर तिने एका बोटाने काहीतरी टिपलं. "म्हणजे तू पण तशीच. आइसलंडापासून आफ्रिकेपर्यंत सगळी तशीच. खोली वर आसा. जनेल उघडां ठेव, वारो बरो येता."

तिथे मी तीन वर्षं राहिले. सगळं कारापूर तिला मावशी म्हणायचं, मीही म्हणू लागले. साठी उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. ठेंगणी, गोल, केसांचा लिंबाएवढा अंबाडा आणि आवाज मात्र असा की पलीकडच्या वाड्यावर कुणी हाक मारतंय असं वाटावं. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "लाईन एंगेज होती."

हे बोलणं तिच्या नोकरीतलं. मावशी जन्मभर वाळपईच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. सत्तरी तालुक्यातल्या घरांत फोन मोजके होते आणि लांब बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे, तेव्हापासून. त्या काळातल्या सवयी तिच्या अंगातून गेल्या नव्हत्या. सोप्यावर कुणी पाहुणा गप्पा मारत बसला की ती मधेच त्याला अडवून विचारायची, "तीन मिनिटां झाली. वाढवूची काय?" नवखा माणूस चपापून उठायचा. जुने लोक "वाढव गो" म्हणून पुढे बोलत राहायचे. पुन्हा तीन मिनिटांनी तोच प्रश्न.

एक्सचेंजमध्ये नियम असा होता की कॉल जोडून झाला, दोन्हीकडचा 'हॅलो' ऐकू आला, की ऑपरेटरने कानावरचा हेडफोन काढून ठेवायचा. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही. बाकीच्या बायका थोडंफार ऐकत असाव्यात. मावशीने तो नियम नोकरीभर पाळला आणि त्याचं दुःखही नोकरीभर केलं.

"माझ्या कानार निसत्यो सुरवाती पडल्यो गो," ती मला म्हणाली होती. "कोणाक चेडू झालां, कोणाचो बापूस सरलो, कोणाचां लगीन मोडलां. सुरवात आयकलंय आणि हेडफोन काढलंय. शेवट एकाचोय कळलो नाय."

निवृत्त झाल्यावर सहकाऱ्यांनी तिला तो टॅबलेट भेट दिला. घरी येऊन तिने त्यात पहिल्यांदा काय शोधलं असेल? 'शेवट असलेली गोष्ट'. हे तीन शब्द तिने मराठीत टाइप केले आणि कुठल्याशा दूरच्या देशातल्या ग्रंथालयाने जुन्या पुस्तकांची पानं फोटो काढून ठेवली होती, तिथे जाऊन पोचली. पानाच्या कोपऱ्यात भाषांतराचं बटण होतं. तिने ते दाबलं. त्या दिवशी तिने दुपारचं जेवण केलं नाही असं ती सांगायची. हे खरं नसावं, कारण मावशी जेवण सोडणाऱ्यातली नव्हती.

मी गेले तोवर तिचा कारभार चांगलाच वाढला होता. जगातली मोठमोठी ग्रंथालयं, विद्यापीठं, लोककथा गोळा करणाऱ्या संस्था जे जे फुकट वाचायला ठेवतात ते ती वाचायची. नवे लेखक कुठल्या मासिकात कथा टाकतात तेही तिला ठाऊक. लेखक नावाजलेला आहे की नवखा, याचा मात्र पत्ता नसायचा. वाचलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद एका तक्त्यात. तक्त्याचे रकाने तिने स्वतः ठरवले होते: भुकेलेलां कोण, खोटां बोललां कोण, जेवण काय, सासू जिती काय मेलेली, शेवट पटलो काय नाय. शिवाय टॅबलेटमध्ये जगाचा नकाशा. गोष्ट ज्या गावची, तिथे एक टाचणी. शेवट पटला असेल तर हिरवी, नसेल तर तांबडी. रशियाचा पुष्कळ भाग तांबडा होता.

मी एम. ए. झालेली. एक दिवस न राहवून म्हटलं, "मावशी, साहित्याचा अभ्यास असा करत नाहीत."

"मगे कसो करतत?"

मी तिला लेखकाचा काळ, त्याची शैली, त्याच्यावरचे संस्कार असं बरंच सांगितलं. तिने बरोबर तीन मिनिटं ऐकलं. मग म्हणाली, "आणि जेवण?"

एका लांबलचक लेखात हवा तो शब्द झटकन कसा शोधायचा, हे मी तिला शिकवलं तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. तोवर बिचारी सगळं पान न् पान डोळ्यांनी चाळत असे. त्यानंतर तिने एकेका जाडजूड कादंबरीत शिरून 'पाव', 'सूप', 'भात' असे शब्द शोधायला सुरुवात केली. एका कादंबरीतली माणसं दोनशेव्या पानापर्यंत काहीच खात नाहीत असं तिला आढळलं. "म्हणान सगळी इतकी किरकिरतत," ती म्हणाली आणि त्या कादंबरीचा विषय तिच्यापुरता मिटला.

मला हसू यायचं. पण पुढे एकदा वर्गात धडा काही केल्या रंगेना, मागच्या बाकावरच्या मुली पेंगत होत्या, तेव्हा मी सहज विचारलं, "या धड्यातला कोण उपाशी आहे?" वर्ग जागा झाला. तासाची घंटा झाली तरी मुली भांडत होत्या. घरी येऊन सांगितलं तर मावशीला मुळीच नवल वाटलं नाही. "मी सांगललंय," एवढंच म्हणाली आणि मला जास्तीची सोलकढी वाढली.

दर रविवारी सकाळी ती एक गोष्ट आपल्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवायची. ग्रुपचं नाव 'ट्रंक कॉल'. खाणीवरचे ट्रक ड्रायव्हर, वाळपईच्या इस्पितळातली एक नर्स, डिचोलीच्या बाजारातल्या भाजीवाल्या बायका, तिचे जुने सहकारी, असे कितीतरी लोक त्यात होते. सुरुवात ठरलेली.

"हॅलो, डिचोली? हॅलो, वाळपय? जॉर्जियाहून कॉल आसा. लाईनवर रावात."

मग गोष्ट. तिच्या पेडण्याकडच्या बोलीत, हातवाऱ्यांसकट. हातवारे ऐकणाऱ्याला दिसत नसत, पण ऐकू मात्र येत, कारण बांगड्या वाजायच्या. ट्रकवाले रांगेत उभे असताना इंजिन बंद करून ऐकतात असं एकाने तिला कळवलं होतं. तो निरोप तिने मला निदान वीस वेळा तरी वाचून दाखवला असेल.

आमच्याकडे सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर या ग्रुपात होता. एका रविवारी तिने हंगेरीतली कोल्ह्याची गोष्ट पाठवली. शेवटी कोल्हा मरतो. सोमवारी पोदेराने दारात सायकल थांबवली, पण पावाचे उंडे काही टोपलीबाहेर काढले नाहीत.

"मावशी, त्या कोल्याक कित्याक मारलो?"

"मी खंय मारलंय? हंगेरीवाल्यांनी मारलो."

"मगे तू जितो कर."

"तां माका जमाचां नाय. गोष्ट जोडूची, कातरूची नाय."

मंगळवारी आणि बुधवारी आमच्या दारात त्याच्या सायकलचा भोंपू वाजला नाही. मी तिठ्यापर्यंत चालत जाऊन पाव आणले. मावशी दोन दिवस टॅबलेटमध्ये डोकं घालून बसली होती. बुधवारी दुपारी तिला शेजारच्या देशातली तीच गोष्ट सापडली, तिच्यात कोल्हा शेपटी सोडून पळून जातो. ती तिने फक्त पोदेराला पाठवली. गुरुवारी सकाळी भोंपू एवढा वेळ वाजला की मला वाटलं कुणाची वरात आली.

भाषांतर करणाऱ्या यंत्राशी तिचं नातं सीनिअर ऑपरेटर आणि नव्याने लागलेल्या पोरीचं असावं तसं होतं. त्याच्या चुकांची तिने एक वही केली होती. मात्र त्याच्यावर चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही. "शिकाऊ आसा," म्हणायची. "पयल्या म्हयन्यात मीय एका नवऱ्याक बायलेच्या जाग्यार पोलीस स्टेशन जोडून दिललां."

त्या वहीतल्या एका चुकीमुळेच पुढचं सगळं घडलं.

मार्च संपत आला होता. मी वर पेपर तपासत होते आणि खालून मावशीची हाक आली, "टीचर, बेगीन खाली ये, हांगा एक बायल जीव दिता!"

मी धावत खाली आले. मावशी टॅबलेट छातीशी धरून उभी. एस्टोनिया म्हणून एक देश आहे, उत्तरेला, थंडीचा. त्याच्या एका बेटावरच्या छोट्याशा ग्रंथालयाने तिथल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. त्यांतली एक ती वाचत होती. पडद्यावर मराठीत लिहिलं होतं: 'सून रोज संध्याकाळी बंदुकीच्या नळीत तोंड घालून सासूविषयी बोलत असे.'

"पुढे वाच," मावशी म्हणाली.

पुढे होतं: 'नळी भरत आली की ती झाकण लावी.'

"बंदुकेक झाकण?" मावशीने विचारलं.

मी त्या ग्रंथालयाला इंग्रजीत पत्र लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं. तिथे एक बाई काम करत होत्या, साठीच्या आसपासच्या असाव्यात, त्यांनी एक फोटो पाठवला होता. लाकडी पिंप. मासे मिठात घालून ठेवायचं. यंत्र आधी त्यांच्या भाषेतून इंग्रजी करतं आणि मग मराठी, आणि इंग्रजीत पिंपाला आणि बंदुकीच्या नळीला एकच शब्द. झालं एवढंच होतं. मावशी इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग तिने पिंप मनात धरून गोष्ट पहिल्यापासून वाचायला घेतली.

गोष्ट साधी होती. लग्न होऊन आलेल्या मुलीने सासरी तोंड उघडायचं नाही असा त्या घराचा दंडक. मुलीला तर बोलण्याची हौस. ती रोज संध्याकाळी माशांच्या रिकाम्या पिंपात तोंड घालून दिवसभराचं सगळं बोलून घेते आणि झाकण लावते. एक दिवस पिंप भरतं. ती ते गडगडत नेऊन समुद्रात लोटते. तेव्हापासून तिथला समुद्र पुटपुटत असतो.

वाचता वाचता मावशीचं हसणं थांबलं. वाचून झाल्यावर तिने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचली. तीन मिनिटांपेक्षा नक्कीच जास्त वेळ गेला.

"ही माझ्या आवयची गोष्ट," ती म्हणाली.

"आईची? म्हणजे?"

"आमची आवय सांगताली. पिंप न्हय, भरणी. लोणच्याची. बाकी सगळां ह्यांच. तोंड उघडूचां नाय, मगे ती भरणीत बोलता, झाकण लायता." तिने मान हलवली. "पूण आमची भरणी समुद्रात जायनासली. ती फुटताली. आणि मगे आवय हासताली. इतकी हासताली, की खाट हालताली. कित्याक हासताली तां माका म्हायत नाय. तोपर्यंत माका झोप लागताली."

"मग आता कुणाला माहीत असेल?"

मावशीने एस्टोनियावर टाचणी टोचली. पण तिला रंग दिला नाही. पांढरीच ठेवली.

"आक्काक," ती म्हणाली.

तिला एक बहीण आहे, थोरली, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माहेर पेडण्याकडच्या पार्श्याचं. आक्काला दिलेली गावातच, वरच्या वाड्यावर. दोघी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. कारण ऐकून मला आधी हसू आलं आणि मग मावशीचा चेहरा बघून ते गिळावं लागलं. आक्काच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घाईगर्दीत आक्काने मावशीला फोनवरून आमंत्रण दिलं. आमच्याकडे जवळच्या माणसाला नारळ-कुंकू घेऊन घरी जाऊन आमंत्रण करायचं असतं. सख्ख्या बहिणीला तर करायचंच. मावशीने विचारलं, फोनार कशीं आमंत्रणां करतंस? आक्का म्हणाली, तू टेलिफोनवाली, तुका टेलिफोनान दिलां तर काय झालां? मावशीने फोन खाली ठेवला आणि लग्नाला गेली नाही. मग आक्काने मावशीच्या घरभरणीला पाऊल टाकलं नाही. तिथून सुरू झालं ते सुरूच राहिलं. साऱ्या सत्तरीची लाईन जोडणारी बाई, आणि पार्श्याला काही तिचा कॉल लागत नव्हता.

"मी फोन लावून देऊ?" मी विचारलं.

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

रविवारी सकाळी तिने पिशवीत शेंडी असलेला नारळ घेतला, कुंकवाची करंडी घेतली, कागदाच्या पुडीत चिमूटभर अक्षता बांधल्या. ठेवणीतली हिरवी साडी नेसली. त्या दिवशी पहिल्यांदाच 'ट्रंक कॉल' वेळेवर गेला नाही आणि बसमध्ये तिचा फोन सारखा टुणटुणत होता. तिने तो पिशवीच्या तळाशी ढकलला. म्हापशाला बस बदलली. पार्से येईपर्यंत ती पिशवीतला नारळ पुन्हा पुन्हा चाचपत होती.

काजूचे दिवस. आक्का घरात नव्हती, मागच्या उतारावरच्या बागेत होती. बोंडवांचा आंबूस-गोड वास वाटेतूनच यायला लागला. झाडाखाली पाटावर एक उंच, वाळकी म्हातारी बसली होती. पुढ्यात तांबड्या-पिवळ्या बोंडवांचा ढीग. एकेक उचलून पीळ देऊन बी वेगळी करायची, बी एका टोपलीत, बोंडू दुसऱ्या. पावलं वाजली तशी तिने वर बघितलं.

"कोण तां?"

"मी."

"मी म्हणजे कोण? माका चष्म्याशिवाय दिसणा नाय." चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

मावशी दोन पावलं पुढे गेली. "आमंत्रण करूक इलंय."

"कोणाचां लगीन?"

"कोणाचां नाय. आवयची भरणीची गोष्ट आसा मां, ती सांगूक होयी. एस्टोनियाक."

आक्काने हातातला बोंडू पिळला, बी टोपलीत टाकली. "ह्याच्यासाठी इतक्या लांब इलंस? फोन करूक काय झाल्लां?"

मला वाटलं, झालं, संपलं. आता परतीची बस. पण मावशी अगदी हळू म्हणाली, "आमंत्रण घराक येवन करतत."

आक्काने पदराला हात पुसले. बोंडवांच्या रसाने बोटं चिकट झाली होती, पुसून काय होणार? तिने तसाच हात पुढे केला, नारळ घेतला आणि कपाळ खाली केलं. मावशीने करंडी उघडली. लावताना कुंकू आक्काच्या नाकावरही सांडलं.

"मी येवक होयां हुतां तुझ्याकडे तेन्ना," आक्का म्हणाली. "चलीच्या लग्नात पाच मनशांचां काम हुतां, आणि मी एकटी. तरीय येवक होयां हुतां."

"मीय लग्नाक येवक होयां हुतां."

"हां, होयां हुतां." आक्काने बाजूचा पाट सरकवला. "बस. आणि हात चलय. बोंडू सुकतत."

दोघी बोंडू पिळायला बसल्या. मीही बसले. "ही आमची टीचर, गोष्ट फोनात भरतली," मावशीने सांगितलं. अर्धा तास तरी आवाज होता तो फक्त बिया टोपलीत पडण्याचा आणि मधूनमधून मावशीच्या नाक ओढण्याचा. मग आक्काने स्वतःच विचारलं, "ही टीचर काय, तिच्या फोनात सांगूचां काय?" मी रेकॉर्डिंग चालू केलं.

आक्काने गोष्ट सांगितली ती काम न थांबवता. सून येते, तोंड उघडायचं नाही, भरणीत बोलते, झाकण लावते, इथपर्यंत सगळं पिंपासारखंच. मग एका चतुर्थीला घर सारवताना भरणी फुटते. सुनेचं वर्षभराचं बोलणं घरभर सांडतं. सासू ऐकते, शेजारणी ऐकतात. सासू लालबुंद होते. आणि सुनेचं बोलणं संपल्यावर, भरणीच्या अगदी तळातून, आणखी एक बारीक आवाज येतो. लहान मुलीचा. 'माका भूक लागल्या, माका घराक जावचां आसा.' सासू कान देऊन ऐकते आणि मटकन खाली बसते. 'गो, हो तर माझो आवाज,' ती म्हणते. ती स्वतः सून म्हणून आली तेव्हा तिनेही त्याच भरणीत तोंड घातलेलं होतं.

"आणि मगे दोगां त्या खापऱ्यांत बसान हासतत," आक्का म्हणाली. "हासतत, हासतत, सासरो येता, घोव येता, जेवण खंय म्हणान इचारतत, तरी हासतत. त्या दिसापासून त्या घरात लोणचां भरणीत घालणत नाय. डब्यात घालतत."

"मडक्यात," मावशी म्हणाली.

"डब्यात."

"आवय मडक्यात सांगताली, माका याद आसा."

"तुका कसली याद? तू न्हिदलेली!"

हे भांडण रेकॉर्डिंगमध्ये साडेचार मिनिटं आहे. मी कापायला निघाले होते, मावशीने कापू दिलं नाही.

ग्रंथालयातल्या बाईंना मी आधी कळवून ठेवलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर, त्यांची तेव्हा सकाळ, आम्ही व्हिडिओ कॉल लावला. घरात रेंज मिळेना. बागेत विहिरीच्या काठावर मिळाली, म्हणून टॅबलेट कठड्यावर नारळाला टेकवून ठेवला आणि दोघी बहिणी समोर पाटांवर. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची, गुबगुबीत गालांची बाई आली, लोकरीचा स्वेटर घालून. आक्काने त्या उन्हात तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हिका ताप इलो काय?"

मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते. आक्काने गोष्टीचा शेवट पुन्हा सांगितला, मी इंग्रजीत सांगितला. तळातल्या आवाजापाशी आले तशी त्या बाईंनी हात तोंडावर नेला. पिंपाची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या आजीने सांगितलेली होती. पिंपाच्या तळाशी काय असेल हे आपल्याला कधी सुचलंच नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या नोंदीत या गोष्टीखाली आता दुसरा शेवट लिहिणार होत्या. गावाचं नाव विचारलं. मावशीने पार्से एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, पूर्वी ट्रंक कॉलला सांगायची तसं. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, जो त्या सगळ्यांना विचारत असाव्यात. गोष्ट कुणाकडून ऐकली? त्यांचं नाव?

"आमची आवय," मावशी म्हणाली. "लक्ष्मी."

"न्हय," आक्का म्हणाली.

मावशीने वळून बघितलं. "न्हय म्हणजे?"

"लक्ष्मी ह्यां आमच्या घरातलां नाव. लग्नात बदललेलां. तिचां नाव शेवंती."

मी भाषांतर करायचं थांबले. पडद्यावरची बाई वाट बघत राहिली. अडुसष्ट वर्षांची बाई आपल्या आईचं नाव पहिल्यांदा ऐकत होती.

"तुका कोणी सांगलां?"

"आवयन. गोष्ट सोंपली काय तू न्हिदताली. मी जागी. मगे आवय तिचां सोताचां कायबाय सांगताली. तिच्या घराकडलां. नाव बदललां तेन्ना ती म्हयनोभर हाकेक ओ दी नासली, कोणाक हाक मारतत तांच तिका कळनासलां." आक्का हसायला लागली. "आणि मगे ती तसांच हासताली. खाट हालयत."

मावशीने टॅबलेट ओढून मांडीवर घेतला. "टीचर, मी लिवतंय," म्हणाली. आक्का बाजूने बघत होती आणि मावशी एका बोटाने एकेक अक्षर शोधत होती. शे. वं. ती. आधी मराठीत, मग मी सांगितलं तसं इंग्रजीत. पाठवून दिलं.

पडद्यावरच्या बाईंनी ते वाचलं आणि मोठ्याने म्हटलं, "सेवान्ती?"

"न्हय न्हय," आक्का पुढे सरकली. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी तिने मला हाताने बाजूला केलं. "शे. शेऽऽ. शेवंती."

"शेऽवान्ती."

"वं! वं! नाकान म्हण!"

बाईंनी मागे वळून कुणालातरी हाक मारली. दोन तरुण मुली आणि एक दाढीवाला म्हातारा खुर्च्या ओढून पडद्यात आले. त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण सगळे एकदम म्हणायला लागले. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. मावशी हसता हसता रडत होती आणि हाताने ठेका देत होती, बांगड्या वाजत होत्या. तिकडे त्या थंड बेटावर चार माणसं एका सुरात म्हणाली, "शेवंती!"

"हां, आता बरोबर," आक्का म्हणाली, पदराने तोंड पुसलं आणि बाजूच्या ढिगातला बोंडू उचलून पिळायला घेतला.